गुलमर्गच्या हिवाळी सहलीबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय आमच्या कार्यालयातील सर्वांनी वाचला. म्युनिकहून नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोल्हापूरला आई-वडिलांकडे यायचे आणि तेथून सर्वांनी मिळून गुलमर्गला जायचे, हा बेत आपण वर्षभर मनात जपला होता, हे पहिल्या फोनपासून आम्हाला ठाऊक होते. त्यामुळे आपली नाराजी आम्ही हलक्यात घेत नाही. आपले आक्षेप असे आहेत: आपल्या वडिलांना गोंडोलाच्या (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर नेण्यास आमच्या प्रतिनिधीने नकार दिला, ऑस्ट्रियात स्कीइंग शिकलेल्या मुलांना गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावरून स्कीइंग करत खाली उतरू दिले नाही, पहिले दोन दिवस श्रीनगरमध्ये वाया गेले, गुलमर्गच्या मैदानावर पुरेसा बर्फ नव्हता, आणि गुलमर्गच्या घाटाच्या पायथ्याशी, टंगमर्गला, गाडी बदलावी लागून जास्तीचे पैसे पडले. आपली सहल होऊन गेली आहे, परंतु आजी-आजोबा आणि नातवंडे यांना एकत्र घेऊन काश्मीरला जाण्याचा विचार करणारे इतर वाचकही हे वाचतील, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. आपल्या वडिलांच्या प्रकृतीबद्दल आपण स्वतः अभिप्रायात जेवढे लिहिले आहे, तेवढ्याचाच उल्लेख येथे करतो.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आधी घेतो. आपण लिहिले आहे की, काही महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असली तरी वडील रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात, त्यामुळे ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीचा बाऊ’ करण्याचे कारण नव्हते. ते रोज चालतात ही आनंदाची गोष्ट आहे आणि म्हणूनच ही सहल त्यांना झेपली. परंतु रंकाळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा जेथे संपतो ती अफरवटची जागा सुमारे 3,950 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. ही उंची माणूस स्वतः चढून जात असता, तर दमल्यावर तो आपोआप थांबला असता. गोंडोलात बसलेल्या माणसाला मात्र गुलमर्गच्या 2,650 मीटरवरून तेथपर्यंत पोहोचायला, रांगेचा वेळ सोडला तर, अर्धा तासही लागत नाही आणि शरीराला जुळवून घ्यायला सवड मिळत नाही. त्यात डिसेंबरच्या थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार आणखी वाढतो. शिवाय नाताळच्या आठवड्यात परतीच्या गोंडोलासाठी मोठी रांग असते आणि जोराचा वारा सुटला तर दुसरा टप्पा काही काळ बंद ठेवावा लागतो. अशा वेळी छातीत दुखू लागले, तर तेथून माणसाला खाली आणणे कोणाच्याच हातात राहत नाही.

वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तीन हजार मीटरच्या आसपास थोडा वेळ थांबण्यास हरकत नाही, त्याहून वर जाऊ नये, असे लिहून दिले होते. ही चिठ्ठी आम्हीच नोंदणीच्या वेळी मागितली होती, कारण साठी ओलांडलेल्या प्रत्येक प्रवाशाकडून आम्ही ती मागतो. ती वाचूनच आम्ही आई-वडिलांची दुसऱ्या टप्प्याची तिकिटे काढली नाहीत आणि त्यांचे पैसेही मूळ रकमेत धरले नाहीत. ऐन वेळी तिकिटे मिळत असताना आमच्या प्रतिनिधीने अडवल्यामुळे आपल्याला वडिलांसमोर अवघडल्यासारखे झाले, हे मी समजू शकतो. तरीही त्याने जे केले ते योग्यच होते आणि उद्या माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही त्याने हेच करावे, अशी माझी अपेक्षा राहील.

आपण लिहिता की, कुटुंबाने शिखरावर एकत्र उभे राहावे हे आपले स्वप्न होते. आमच्या आखणीमागेही सर्वांनी एकत्र असावे हाच विचार होता. फक्त ती जागा आम्ही पहिल्या टप्प्याच्या शेवटी, कोंगडोरीला, निवडली होती. कोंगडोरीची उंची तीन हजार मीटरहून थोडी अधिक आहे. तेथे सपाट जागा आहे, बसून गरम कहवा घेता येतो आणि समोरच्या उतारावर मुलांना स्कीइंग करता येते. आपण व आपले यजमान अफरवटला गेला होतात, त्या वेळी आपले आई-वडील तेथे बसून नातवंडांना पाहत होते. आजवर ज्यांचे स्कीइंग त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते, ती मुले प्रशिक्षकासोबत उतरून थेट त्यांच्यापर्यंत येत होती. आमचा प्रतिनिधी सांगतो की, उठण्याची वेळ झाली तेव्हा आजोबांनी आणखी एक फेरी होऊ द्या म्हणून आग्रह धरला. अभिप्रायात या दुपारचा उल्लेख नाही, परंतु सहलीची सारी आखणी आम्ही त्या दुपारभोवती केली होती, म्हणून तो येथे करावासा वाटला.

आता मुलांविषयी. ती चांगले स्कीइंग करतात, हे त्यांच्या प्रशिक्षकानेही पहिल्याच सकाळी सांगितले होते. परंतु ऑस्ट्रियातील उतार रात्रीतून यंत्रांनी दाबून सपाट केलेले असतात, निळ्या, लाल आणि काळ्या खुणांनी त्यांची अवघड-सोपी प्रतवारी केलेली असते आणि नैसर्गिक बर्फ कमी पडला तर यंत्राने तयार केलेला बर्फ पसरला जातो. अफरवटचा उतार तसा नाही. जगभरातील स्कीपटू गुलमर्गला येतात ते तेथील न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फासाठी, आणि नेमका तोच बर्फ नवख्यासाठी धोक्याचा असतो. गोंडोलाच्या आसपासचा पट्टा सोडला, तर बाकीचा डोंगर मोकळा, देखरेखीविना आहे. तेथे उतरणाऱ्याकडे हिमस्खलनात गाडले गेल्यास शोध लागावा म्हणून संदेश देणारे यंत्र, फावडे आणि बर्फात खुपसून पाहण्याची काठी असावी लागते आणि ती वापरण्याचा सरावही असावा लागतो. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटूंचे प्राण गेले. मोसमाच्या सुरुवातीला आणखी एक अडचण असते, ती म्हणजे वरचा थर पातळ असल्याने खालचे दगड दिसत नाहीत. नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांना अशा उतारावर न नेण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा होता, त्याला आम्ही पूर्ण मोकळीक दिली होती आणि पुढेही देऊ.

मैदानावरील बर्फाबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. आपण पोहोचलात त्या दिवशी गोल्फच्या मैदानाच्या काही भागात गवत दिसत होते. काश्मीरमध्ये बर्फ पडतो तो मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे (पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या हवेच्या प्रणालींमुळे), आणि ते कधी व किती जोराचे येतील हे कोणालाही आधीपासून सांगता येत नाही. कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, ज्याला तेथे चिल्लई कलान म्हणतात, तोच मुळी 21 डिसेंबरला सुरू होतो. जानेवारी 2024 मध्ये तर महिन्याचा बराच काळ गुलमर्ग कोरडे होते, आणि 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील भाग बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. स्कीइंगसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ अधिक भरवशाचा असतो, असे आम्ही आपल्याला सप्टेंबरच्या ईमेलमध्ये लिहिले होते. मुलांच्या शाळेला नाताळची दोन आठवडेच सुट्टी असल्याने आपण डिसेंबर निवडलात, आणि आजी-आजोबांची भेट त्याच सुट्टीत शक्य असल्याने ती निवड योग्यच होती. बर्फ कमी दिसताच आम्ही मैदानावरचा सराव रद्द करून मुलांना पहिल्याच दिवशी कोंगडोरीला नेले आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेतले नाही.

श्रीनगरचे दोन दिवस आम्ही हेतुपुरस्सर ठेवले होते. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर आहे आणि कोल्हापूरहून निघालेल्या ज्येष्ठांनी गुलमर्गच्या आधी तेथे थांबणे हिताचे असते. दिल्लीमार्गे जाताना डिसेंबरच्या धुक्यात विमानाला उशीर झाला तरी गुलमर्गचा दिवस बुडत नाही, हे दुसरे कारण. त्या दोन दिवसांत ‘देवदर्शनात वेळ गेला’ असे आपण म्हणता, परंतु तुलमुल्ल्याच्या खीर भवानीचे दर्शन घडावे, ही आपल्या आईंची इच्छा होती आणि आपणच ती आम्हाला कळवली होती. शंकराचार्य टेकडीच्या पायऱ्या वडिलांसाठी टाळून आम्ही हे सपाटीवरील देवस्थान ठेवले.

टंगमर्गच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. बर्फ किंवा गोठलेले पाणी रस्त्यावर असेल, तर वरचे सुमारे तेरा किलोमीटर साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती असलेल्या स्थानिक गाडीनेच जावे लागते. त्या दिवशी मैदानावर बर्फ कमी असला, तरी घाटातील सावलीच्या वळणांवर रस्ता गोठलेला होता. हे भाडे प्रवाशांनी जागेवर द्यायचे असते, असे कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले आहे आणि आमच्या कार्यालयाने निघण्यापूर्वी फोनवरही सांगितले होते. आपण दिलेल्या रकमेची पावती आपल्याकडे असेलच. तेथील ठरलेल्या दरापेक्षा काही जास्त घेतले गेले असे वाटत असल्यास ती पाठवावी, आम्ही चौकशी करू.

एक हिशेब मात्र बाकी आहे. शेवटच्या दिवशी वाऱ्यामुळे दुपारी गोंडोला बंद पडला आणि मुलांचे प्रशिक्षण अर्ध्यावर थांबले. आमच्या नियमांनुसार हवामानामुळे न झालेल्या प्रशिक्षणाचे शुल्क परत केले जाते. ही रक्कम आपल्या वडिलांच्या कोल्हापुरातील बँक खात्यात भरावी की आपल्या खात्यात, एवढे कळवावे. दोन्ही मुलांची कोंगडोरीवरील छायाचित्रे प्रशिक्षकाने काढून ठेवली आहेत. आपल्या आई-वडिलांसाठी त्यांच्या प्रती तयार आहेत आणि त्या या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी पोहोचवत आहोत.

आपला विश्वासू,
संचालक