वरणाचा डाग पडलेलं पान

आज शाळेत पालकसभा होती. लेकीची गणिताची वही समोर ठेवून मला सांगण्यात आलं, "हे दहावीचं आहे. सातवीच्या मुलीला घरी पुढचं शिकवू नका, वर्गात लक्ष देत नाही." तिथे काही बोलले नाही. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

अहो, मी शिकवत नाही तिला. ती शिकते, मी शेजारी शेंगा सोलत बसते. आठवीचं जुनं पुस्तक तिनेच मामेभावाकडून मागून आणलं. वर्गत्रिपदीचे, म्हणजे क्ष², क्ष आणि संख्या अशा तीन पदांच्या राशीचे, अवयव पाडायला लागली आणि मग हाती लागला भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथातला भुंग्यांचा प्रश्न. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीवर गेले. थव्याचे आठ नवमांशही तिकडेच. उरला कमळात कोंडलेला एक, आणि बाहेर त्याच्यासाठी गुणगुणणारी त्याची भुंगी. तर एकूण किती?

तीन संध्याकाळी ती त्यावर बसली होती. थवा क्ष धरला की वर्गमूळ आडवं यायचं. खोडून खोडून कागद फाटला. युक्ती माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण गिळली. तिसऱ्या दिवशी जेवताजेवता उष्ट्या हाताने उठली, "आई, थवा २क्ष² धरू! म्हणजे निम्म्याचं वर्गमूळ नुसतं क्ष!" वहीवर वरण सांडलं. खाली लिहिलं, २क्ष² − ९क्ष − १८ = ०. मधल्या −९क्षची फोड −१२क्ष आणि +३क्ष. क्ष बरोबर ६, भुंगे ७२.

तेच पान आज टेबलावर होतं. समास नाही, तारीख नाही, वरणाचा डाग आहे, म्हणून त्यावर लाल रेघ. गणित बरोबर आहे का, हे कुणी पाहिलंच नाही!

एका वर्गात साठ पोरं सांभाळायची म्हणजे सोपं नाही, मान्य. आणि घाई माझ्याकडूनही झाली. तिचे अपूर्णांक कच्चे होते, ८/९ दिसलं की हात थांबायचा. मग दोन आठवडे मागे जाऊन नुसते छेद समान करत बसलो. चिडली, रडली, पण उठली नाही.

पण "पुढचं शिकवू नका"? आम्ही चाळीसगावचे. इथून जवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा. त्याच मातीतल्या पोरीने ८०० वर्षांनी तो प्रश्न सोडवला तर पाठीवर थाप द्यायची की वही बाजूला सारायची?

घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. सर काय म्हणाले ते विचारलंच नाही. वही हातातून घेतली आणि तेच पान उघडलं. दुसरं उत्तर −३/२ येतं, ते आम्ही सोडून दिलं होतं. तिने सोडलं नव्हतं. "थवा साडेचारचा धर. निम्मे सव्वादोन, त्याचं वर्गमूळ दीड, पण उणे घे. उणे दीड, अधिक चार, अधिक दोन. किती?"

मी बोटांवर मोजलं. साडेचार.

"मग आई, हे चूक कसं?"

आत्ता जेवणं झाल्यावर आम्ही दोघी त्यावरच बसणार आहोत.