मागच्या स्पीकरमधले काका

आमच्या घराण्यात विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घ्यायची ठरली की ती काय काम करणार यापेक्षा तिच्या खोक्यावर काय छापले आहे याचीच चर्चा अधिक रंगते. चिरंजीवांच्या मुंजीसाठी कॅमकॉर्डर घेण्याचा मनोदय मी २००९ साली जाहीर केला, तेव्हा या चर्चेचे अध्यक्षस्थान माझ्या मेहुण्यांनी स्वतःहून स्वीकारले, कारण त्यांच्याकडे कॅमकॉर्डरही होता आणि होम थिएटरही. "भावोजी, बाकी काही बघू नका. फाइव्ह पॉइंट वन आहे की नाही, तेवढेच बघा," असा निकाल त्यांनी चहा येण्यापूर्वीच देऊन टाकला. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि वर एक घुमाऱ्याचा, अशांनी श्रोत्याला चहूबाजूंनी घेरणारा डॉल्बी आवाज. आईने डॉल्बी हा प्रकार केवळ विसर्जनाच्या मिरवणुकीत ऐकलेला असल्यामुळे मुंजीसाठी पोलिसांची परवानगी काढावी लागेल का, एवढीच शंका तिने विचारली.

दुकानातील विक्रेत्याने आम्हाला खुर्च्यांवर बसवून एक हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून फिरवले आणि पाठोपाठ असा पाऊस पाडला की पत्नीने नकळत पदर सावरला. मेहुणे माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होते. परंतु ते हेलिकॉप्टर कोणत्याही कॅमकॉर्डरने टिपलेले नव्हते. चित्रपटगृहांत १९९२ पासून आलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये जो आवाज प्रेक्षकाभोवती फिरतो, तो चित्रीकरण आटोपल्यानंतर स्टुडिओत बसून कोणीतरी एकेका स्पीकरला वाटून दिलेला असतो. संवाद मधल्या स्पीकरला, वारा-पाऊस मागच्यांना, अशी ती वाटणी असते. मी हे विक्रेत्याला समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि हेलिकॉप्टर पुन्हा लावू का, असे विचारले.

घरगुती कॅमकॉर्डरच्या माथ्यावर एका छोट्या जाळीखाली दाटीवाटीने बसवलेले काही चिमुकले माइक असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेल्या आवाजांतील बारीकसारीक फरकांवरून आतील यंत्रणा पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला आणि मागचे दोन अशी पाच खाती उघडते. उरलेला पॉइंट वन म्हणजे साधारण १२० हर्ट्झच्या खालचा घुमारा. चित्रपटात हे खाते स्फोट आणि भूकंप यांच्यासाठी राखून ठेवलेले असते. मुंजीत सहसा या दोन्ही गोष्टी होत नसल्यामुळे त्यात कार्यालयातील उभ्या पंख्यांचा वारा माइकवर आदळून होणारी धडधड तेवढी इमानेइतबारे जमा होते.

तरीही आमचे समाधान होईना, तेव्हा मेहुण्यांनी आपल्या मुलाच्या मुंजीची आठ सेंटिमीटर व्यासाची छोटी डीव्हीडी पुरावा म्हणून सादर केली. तिच्या दर्शनाचा मान त्यांच्याच दिवाणखान्याला होता. मागचे दोन स्पीकर श्रोत्याच्या दोन्ही अंगांना, मधल्या स्पीकरपासून १०० ते १२० अंशांवर असावेत, असे शास्त्र सांगते. मेहुण्यांच्या घरी त्यातल्या एका कोनावर स्वयंपाकघराचे दार येते आणि दुसऱ्यावर चपलांचे कपाट. त्यामुळे एक स्पीकर फ्रिजच्या डोक्यावर आणि दुसरा खिडकीत, तुळशीच्या कुंडीला टेकून उभा होता. या व्यवस्थेत जो आवाज आम्हाला घेरून टाकणार होता, त्यात बटूचा आवाज मात्र जवळजवळ नव्हताच. मागून एक संथ, जड श्वास ऐकू येत होता, आणि तो चित्रीकरण करणाऱ्या मेहुण्यांचा होता. त्यांच्या शेजारी उभे असलेले एक काका फ्रिजवरून अत्यंत सुस्पष्ट स्वरात विचारत होते, "पहिली पंगत कितीला बसणार?"

यात काकांचा काहीच दोष नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने खाली येतो. काका कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि गुरुजी चार मीटरवर असले, तर दोघे सारख्याच आवाजात बोलूनही गुरुजी अठरा डेसिबलने मागे पडतात, आणि कार्यालयाच्या उंच छताखाली त्यांचे मंत्र घुमून आणखी पुसट होतात ते वेगळेच. झूम केल्याने गुरुजींचे नाक पडदाभर होते. माइक जागचा हलत नाही.

तीच डीव्हीडी आमच्या साध्या, दोन स्पीकरच्या टीव्हीवर लावली तेव्हा तर अनर्थ झाला. स्पीकर दोनच असले की मागचा आवाज पुढच्यातच मिसळून दिला जातो. त्यामुळे गुरुजींनी गंभीर चेहऱ्याने ओठ हलवले आणि त्यांच्या मुखातून पंगतीची चौकशी बाहेर पडली. शिवाय कॅमेरा आवाजाची पातळी आपल्या मर्जीने कमी-जास्त करत होता. सनई-चौघडा वाजला की तो दचकून कान आखडून घेई, आणि वाद्ये थांबल्यावर हळूहळू सैल पडे. तेवढ्या वेळात बटूचे "ॐ भवति भिक्षां देहि" होऊन गेलेले असे आणि सैल पडलेल्या कानांना भटारखान्यातल्या पातेल्यांचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येई. साऱ्या समारंभात ज्या चार शब्दांसाठी आजी डीव्हीडी लावायला सांगे, नेमके तेच पाच दिशांपैकी एकाही दिशेने येत नव्हते.

मी विक्रेत्याकडे बाहेरचा माइक जोडण्याची खाच आणि हेडफोनची सोय असलेला कॅमेरा मागितला. "त्यात फाइव्ह पॉइंट वन मिळणार नाही, साहेब," हे त्याने अशा हळुवारपणे सांगितले की मेहुण्यांनी दुकानातच माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेऱ्याबरोबर बिनतारी, चिमट्याचा माइकही घेतला. हा माइक शर्टाच्या कॉलरला लावावा, असे माहितीपत्रकात लिहिले होते. सोवळ्यातल्या उघड्या अंगाच्या गुरुजींना तो कुठे लावावा, याचा विचार त्या कंपनीने केलेला दिसला नाही. शेवटी तो उपरण्याच्या काठाला लावला, आणि बटू समोरच बसत असल्यामुळे दोघांचेही आवाज लख्ख आले. आजीचे चार शब्दही आले.

मात्र होमाच्या वेळी गुरुजींनी मोबाइल कानाला लावून दुसऱ्या यजमानांना जे सांगितले, तेही त्यात आहे. "निघालो, निघालो, स्वारगेट ओलांडले," असे ते कर्वे रस्त्यावरील कार्यालयात मांडी घालून, एका हाताने तूप सोडत म्हणतात, आणि आवाज इतका स्वच्छ आहे की "आम्ही तिथेच उभे आहोत, गुरुजी, दिसत नाही तुम्ही," हे पलीकडचे उत्तरही शब्दन्‌शब्द ऐकू येते.