चंद्रावर मतदान नाही

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात नेतृत्व शिकवत नाहीत, ते आमच्याकडून खेळवून घेतात, आणि त्या खेळाला सिम्युलेशन असे भारदस्त नाव असल्यामुळे त्याचे गुणही मिळतात. कोल्हापुरातल्या आमच्या वर्गात जेवणानंतरच्या तासाला, म्हणजे पांढरा रस्सा पोटात आणि पापण्या अर्ध्यावर असताना, सरांनी जाहीर केले की आमचे यान चंद्रावर भलत्याच जागी आदळले असून मुख्य यान तिथून ३२० किलोमीटर लांब आहे. शाबूत राहिलेल्या १५ वस्तूंचा महत्त्वानुसार क्रम लावायचा, आधी एकट्याने आणि मग गटाने. नासाच्या क्रमाशी ज्याचा फरक कमी, तो शहाणा. जे हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासामुळे १९७०च्या सुमारास हा खेळ नावारूपाला आला. त्यातली खरी मेख अशी, की गटात मतदान करायचे नाही, सरासरी काढायची नाही, नाणे उडवायचे नाही आणि केवळ वाद टळावा म्हणून माघारही घ्यायची नाही. ज्या जिल्ह्यात दूध संस्थेपासून सोसायटीपर्यंत प्रत्येक प्रश्न निवडणुकीने सुटतो (किंवा चिघळतो), तिथल्या पाच जणांना मतदानाविना एकमत करायला लावणे, यापुढे यान आदळणे ही किरकोळ बाब होती.

गटनेत्याच्या चिठ्ठीवर माझे नाव निघाले. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर प्रयोग करून नेतृत्वाच्या लोकशाही, हुकूमशाही आणि मोकाट सोडणारी अशा तीन तऱ्हा तपासल्या होत्या. मी त्या तिन्ही याच क्रमाने अर्ध्या तासात उरकल्या.

पहिल्या क्रमांकाला ऑक्सिजन, यावर खरे तर दुमत होण्याचे कारण नव्हते, पण तालमीत जाणाऱ्या आमच्या मित्राने "एवढ्या जड टाक्या उचलणार कोण?" असा व्यवहारी प्रश्न टाकला. चंद्रावर वजन एक षष्ठांश भरते, हे सांगितल्यावर तो सुखावण्याऐवजी खट्टू झाला. दुधाच्या पावडरीवर तर चर्चाच झाली नाही. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात घेणाऱ्या माणसांनी पावडर शेवटून पहिली टाकली, आणि नासाने ती १२ व्या क्रमांकावर ठेवलेली पाहून नासाबद्दलचा आमचा आदर थोडा उतरला. तो शेवटचा मान खरे तर काडेपेटीचा, कारण हवाच नसेल तिथे काडी पेटणार कशी. आमच्या यादीत मात्र ती वर होती. चहाचे काय, हा मुद्दा कोणालाच खोडता आला नव्हता.

सर्वांत कडवा वाद हवा भरून फुगवायच्या होडीवरून झाला. प्रयाग चिखलीच्या मित्राने ती पाण्याच्याही वर, दुसऱ्या क्रमांकाला मागितली. चंद्रावर नदी नाही, हे मी नेत्याच्या आवाजात सांगितले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "२०१९ ला आमच्या माडीवर तरी नदी कुठं होती?" महापुरात घर सोडलेल्या माणसाला भूगोल शिकवण्याचा अधिकार मला कोणत्याही चिठ्ठीने दिलेला नव्हता.

या गदारोळात माझ्या लक्षात आले की गट मी चालवतच नव्हतो. कागलच्या मैत्रिणीकडे कागद आणि पेन होते. ती स्वतःचे मत कधी मांडत नसे, दोघे भांडून दमले की पेन टेकवून फक्त "मग लिहू काय?" एवढे विचारी, आणि त्या क्षणी जो बोलत असेल त्याचे म्हणणे कागदावर उतरे. बोलणारा कोण असावा, हेही तीच नजरेने ठरवी. वर्गातले नेतृत्व चिठ्ठीने मिळत नाही, ते पेन धरणाऱ्या हातात असते, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे, आणि ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग लिहिणाऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक असणार.

निकालात आमच्या गटाचा फरक आमच्यातल्या एकट्यादुकट्याच्या फरकापेक्षाही जास्त निघाला, म्हणजे पाच डोकी एकत्र येऊन अक्कल वजा झाली होती. निरीक्षक म्हणून बसवलेल्या विद्यार्थ्याने मात्र माझ्या नावापुढे "संयमाने सर्वांना बोलू दिले" असा शेरा मारला होता. मला शेवटी शेवटी डुलकी लागली होती, ही नोंद त्याच्या तक्त्यात बसत नसावी.

मग चर्चेचा तास झाला. नासाने होडी नवव्या क्रमांकावर ठेवली आहे, तीही तिच्या गॅसच्या बाटल्यांनी पुढे ढकलले जाता येते म्हणून, हे सरांनी समजावले आणि पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असे प्रत्येकाला विचारले. आम्ही ऐकून घेणे, विश्वास, समन्वय असली गुणांची उत्तरे दिली. चिखलीचा मित्र उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नेता बदला, पाहिजे तर चंद्र बदला, होडी मी सोडणार नाही."