जामीन

आमच्या शाळेच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा कर्जमाफीवरून पुन्हा जुंपली. एक म्हणाला, "जो इमानाने हप्ते भरतो तो काय मूर्ख?" दुसऱ्याने विचारलं, "कारखानदारांची कर्जं निर्लेखित होतात तेव्हा तुझं इमान कुठे जातं?" २०१७ची दीड लाखापर्यंतची माफी झाली, २०१९ची दोन लाखांपर्यंतची झाली, आणि प्रत्येक वेळी वाद जिथल्या तिथे. मी इथे इस्राएलमधल्या अश्दोदमध्ये बसून सगळं वाचत होते आणि मला बाबा आठवत होते.

आम्ही अलिबाग तालुक्यातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. बाबा मास्तर होते. शेजारच्या काकांच्या कर्जाला ते पतसंस्थेत जामीन राहिले. त्या पावसाळ्यात बांध फुटला, खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं आणि जमीन खारावली. नोटीस बाबांना आली. तीन वर्षं हप्ते त्यांच्या पगारातून गेले. आई चिडायची तेव्हा ते एवढंच म्हणत, "सही माझी आहे."

इथे आल्यावर हिब्रू शिकताना एक जुनं वचन भेटलं: 'कोल इस्राएल अरेविम झे बाझे'. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातलं. त्याचा अर्थ 'सगळे इस्राएली एकमेकांना जबाबदार' असा सांगतात. पण 'अरेव' म्हणजे जामीन, पतसंस्थेच्या फॉर्मवर असतो तोच. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात धाकट्या बन्यामीनला मिसरला, म्हणजे इजिप्तला न्यायचं असतं, बाप याकोब सोडायला तयार नसतो, तेव्हा मोठा भाऊ यहूदा त्याच मूळ शब्दाने बापाला सांगतो की मी याचा जामीन, याला परत आणलं नाही तर दोष माझा. जामीन राहू नकोस, फसशील, असा इशारा बायबलच्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकातही आहे. म्हणजे धोका त्यांनाही माहीत होता.

तोरामध्ये, म्हणजे आमच्या शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत, कर्जाबद्दल जिथे जिथे बोललंय तिथे कर्ज घेणारा बहुतेकदा 'तुझा भाऊ' असतो. भाऊ गरीब झाला, त्याने जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी. गरजेला दिलेल्या पैशांवर व्याज घेऊ नये. व्याजाला शब्द आहे 'नेशेख', म्हणजे चावा. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्याचं जगणंच. आणि मला सगळ्यात भिडणारं: गहाण वस्तू घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. गरिबाने अंगावरचं पांघरूण गहाण दिलं असेल तर सूर्य मावळण्याआधी परत करायचं. वसुलीला आलेली माणसं आपल्याकडे कशी अंगणात उभी राहून गावाला ऐकू जाईल असं बोलतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या दोन ओळींचं मोल कळेल.

दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं, हा 'श्मिटा'चा नियम. त्यात राजाची मर्जी नाही आणि निवडणूकही नाही, तारीख कॅलेंडरवर ठरलेली. शेवटचं श्मिटा वर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. तरी माफीवर शंका घेणारा ग्रुपवरचा मित्र अगदीच चुकीचा नाही. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे पाठ फिरवू नकोस, असं शास्त्रालाच बजावावं लागलं. लोकांनी पाठ फिरवलीच. दोन हजार वर्षांपूर्वी हिल्लेल या धर्मगुरूने पाहिलं की कुणी कुणाला उधार देईना, म्हणून त्याने 'प्रोझबुल' काढला: कर्ज न्यायालयाकडे सोपवायचं, म्हणजे ते रद्द होत नाही. आजही इथे धार्मिक लोक त्या कागदावर सही करतात. मला यात लबाडी दिसत नाही. गरिबाला उद्याचं कर्ज मिळणं, आजचं माफ होण्याइतकंच मोठं, हे हिल्लेलला कळलं होतं.

म्हणून माझं मत असं: माफी द्या, पण पीक बुडण्याशी बांधलेल्या ठरलेल्या नियमाने द्या, सभेतल्या घोषणेने नको. आणि माफीनंतरच्या हंगामात बँक दारात उभं करत नसेल, तर ती माफी शेतकऱ्याला सावकाराकडेच नेऊन सोडते. इथे 'गेमाख' असतात, वस्तीतले लोक चालवतात, बिनव्याजी कर्ज देतात. बहुतेक ठिकाणी दोन जामीन लागतात. मी दोघांना राहिले आहे.

'भाऊ' या शब्दाला कुंपण आहे, तेही मला माहीत आहे. त्याच शास्त्रात परक्याकडून व्याज घ्यायची मुभा आहे, आणि परक्यावर स्वतःसारखी माया कर, कारण तुम्हीही मिसरात परके होता, अशी आज्ञाही आहे. कुंपण कोणी कुठे घालायचं, हे आमच्या लोकांनी सोसलंय. कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांशी लग्न लावायला इथल्या धर्मपीठाने पूर्वजांच्या चौकशीची अट घातली. आमची माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली. १९६४ मध्ये ती अट मागे घेतली गेली. भाऊ म्हणवून घ्यायलासुद्धा आंदोलन करावं लागलं. बाबांनी मात्र सही करताना शेजारच्या काकांचा धर्म पाहिला नव्हता.

ग्रुपवर मी एकच प्रश्न टाकला: गेल्या दहा वर्षांत आपल्यातलं कोण कोणाला जामीन राहिलं? बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग भाताची गिरणी चालवणाऱ्या एकाचं उत्तर आलं: "दोघांना. एकाचे हप्ते अजून भरतोय."