त्या जपानी मुलींच्या नावावर आमच्या मुलींना मारू नका

आज भाचीच्या शाळेत बक्षीस समारंभाला गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही, पाहुण्यांचंही नाही. मुलींचा व्हॉलीबॉल संघ यंदा विभागीय स्पर्धेत हरला, म्हणून पाहुण्यांनी त्यांना १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट सांगितली. जपानचे प्रशिक्षक दाइमात्सू मध्यरात्रीपर्यंत सराव कसे घ्यायचे, मुलगी आडवी पडली तरी तिच्या अंगावर चेंडू कसे मारत राहायचे, आणि म्हणूनच सुवर्णपदक कसं मिळालं. शेवटी क्रीडाशिक्षकांकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हीही हात आखडता घेऊ नका." पालकांनी टाळ्या वाजवल्या. पालकांनी! पहिल्या रांगेत बसलेल्या संघातल्या मुली मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होत्या.

घरी आल्यापासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

ही गोष्ट मला पाठ आहे. ओसाकाजवळ काइझुका इथे निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. राष्ट्रीय संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच. दिवसा गिरणीच्या ऑफिसात नोकरी, दुपारनंतर सराव, तो रात्री उशिरापर्यंत. १९६० च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, सोव्हिएत संघाच्या मागे. १९६१ च्या युरोप दौऱ्यात सामन्यामागून सामने जिंकत सुटल्या, तेव्हापासून त्यांना 'पूर्वेकडच्या चेटकिणी' म्हणू लागले. १९६२ मध्ये थेट मॉस्कोत जाऊन सोव्हिएत संघाला हरवून जगज्जेत्या झाल्या. आणि २३ ऑक्टोबर १९६४ ला, व्हॉलीबॉल पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलेला असताना, त्याच सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये लोळवलं. १५-११, १५-८, १५-१३. अख्ख्या स्पर्धेत त्यांनी एकच सेट गमावला, तोही पोलंडविरुद्ध.

हे सगळं कसं झालं? पाहुण्यांच्या मते मार खाऊन.

मी शाळेत खेळायचे तेव्हा आमच्या संघात एक लिफ्टर होती, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू वर उचलून देणारी. इथे तिला सुमी म्हणते. नववीत होतो. तिच्या बोटांतून चेंडू निघायचा तो आवाज न करता, नेटच्या वर जिथे हवा तिथे. एक अटीतटीचा सामना हरून आलो आणि दुसऱ्या दिवशी सरांनी तिला एकटीला कोर्टात उभं केलं. स्वतः स्टुलावर चढले आणि चार हातांवरून स्मॅश मारायला लागले. आम्ही बाकीच्या फक्कीच्या रेषेबाहेर हात मागे बांधून उभ्या. एक चेंडू सरळ नाकावर बसला. तिने जर्सीच्या बाहीने रक्त पुसलं आणि पुढच्या चेंडूसाठी परत वाकून उभी राहिली. सर म्हणाले, "बांगड्या भरल्यात का हातात?"

सुमी परत मैदानावर आली नाही. शाळेत यायची, वर्गात बसायची, पण संध्याकाळी मैदानाच्या कडेने न जाता मागच्या गेटने घरी जायची. सगळे म्हणाले, मनाने कच्ची होती.

त्या सरांनाही ही जपानची गोष्ट माहीत होती बरं का. तेही सांगायचे.

मग नीट सांगा ना गोष्ट. कर्णधार मासाए कासाई ऑलिम्पिकच्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या. १९६२ चं जगज्जेतेपद मिळाल्यावर हा संघ थांबायच्या विचारात होता. लग्नं, संसार, स्वतःचं आयुष्य, सगळं खोळंबलेलं. पण टोकियोत व्हॉलीबॉल असणार म्हटल्यावर देशभरातून पत्रांचा ढीग आला. विचार करून, किंमत काय मोजावी लागेल हे माहीत असताना, त्यांनी पुढची दोन वर्षं दिली. नोकरी करणाऱ्या, कमावत्या, जाणत्या बायका होत्या त्या. नववीतली पोर आणि त्या यांची तुलना करता तरी कशी? सुमीला कुणी विचारलं होतं का, तुला हे सोसायचंय का म्हणून?

आणि कौशल्याचं काय? भाषणात त्यावर एक वाक्य नव्हतं. त्या संघाने जगाला लोळण घेऊन चेंडू उचलायला शिकवलं. झेप घ्यायची, चेंडू उचलायचा, खांद्यावरून गडगडत जायचं आणि त्याच वेगात उभं राहायचं. कलंडली तरी आपोआप उभी राहणारी बाहुली असते ना, तिच्यावरून दाइमात्सूंना ही कल्पना सुचली. उंच सोव्हिएत खेळाडूंसमोर जमिनीवरचा प्रत्येक चेंडू वाचवायचा, हा विचार होता त्यामागे. ते डोकं होतं, शास्त्र होतं. आमच्या सरांनी आम्हाला ती लोळण कधी शिकवली नाही. कोपरं फोडून घ्यायला मात्र शिकवलं.

बरं, मान्य करते. दाइमात्सू कठोर होते, फार कठोर होते, आणि त्यांच्या खेळाडू पुढे त्यांच्याबद्दल आदरानेच बोलल्या. स्वतः तेही रात्र रात्र त्याच कोर्टात उभे असायचे. दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेला माणूस होता तो. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी १९६५ मध्ये त्यांना चीनच्या मुलींना शिकवायला बोलावलं होतं. आणि मेहनतीशिवाय काही मिळत नाही हेही खरंच. पण त्यांची मेहनत उचलायला कुणी तयार नसतं. सगळ्यांना फक्त तो अंगावर मारलेला चेंडू उचलायचा असतो, कारण तो सोपा आहे.

शिवाय जपानच्या संघाचा इतिहास काय १९६४ ला संपला? ऑलिम्पिकमध्ये १९६८ आणि १९७२ ला रौप्य, १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये एकही सेट न गमावता सुवर्ण, १९८४ ला कांस्य. मग २८ वर्षं ऑलिम्पिक पदक नाही. २०१२ ला लंडनमध्ये परत कांस्य, तेव्हा प्रशिक्षक मानाबे कोर्टाशेजारी हातात टॅबलेट घेऊन आकडे बघत उभे असायचे. आणि त्या संघाची लिफ्टर होती योशिए ताकेशिता. उंची १५९ सेंटिमीटर! २००० च्या सिडनी ऑलिम्पिकची पात्रता हुकली तेव्हा खापर तिच्या उंचीवर फुटलं. तिने खेळ सोडला, नोकरी शोधायला निघाली. मग परत आली, २००६ च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, आणि लंडनमध्ये मोडलेल्या बोटानिशी खेळून पदक घेऊन गेली.

ताकेशिताबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप वेळ सुमीचाच विचार करत होते. तिलाही परत यावंसं वाटावं अशी एक जागा कुणी ठेवली असती तर.

आता राग जरा उतरलाय. एक शेवटचं सांगते, कारण ते आज त्या व्यासपीठावरून कुणीतरी सांगायला हवं होतं.

नाओमी मासुको म्हणून जपानच्या राष्ट्रीय संघातली एक नावाजलेली खेळाडू. शाळेच्या वयात प्रशिक्षकांचा मार खाऊन मोठी झालेली. तिने उघड सांगितलंय की त्या दिवसांत व्हॉलीबॉल तिला नकोसाच झाला होता. या बाईने २०१५ मध्ये लहान मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली, तिचा नियमच असा की प्रशिक्षकाने रागवायचं नाही. ओरडला तर त्याला फुली मारलेला मास्क तोंडाला लावायला लावतात. त्या चेटकिणींच्याच देशात, त्याच संघाची जर्सी घातलेल्या बाईने हे केलंय.

माझ्या यादीत निदान पाच-सहा क्रीडाशिक्षक आहात, दोघींची तर स्वतःची अकादमी आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्यातल्या सातवी-आठवीच्या मुलींसाठी अशी एक दिवसाची स्पर्धा घेऊया का? नेट आणि चेंडू माझ्याकडे आहेत, फक्की मी आणते, पंच म्हणून दिवसभर उभी राहायला तयार आहे. मैदान कुणाचं मिळेल ते कमेंटमध्ये सांगा. आणि कुणी सुमीला ओळखत असाल, तर ही पोस्ट तिला पाठवा. लिफ्टर शिकवायला कुणीतरी लागेलच.