फॉरवर्ड करा, पण गोष्ट अर्धी कापून नको

इंटरनेटवर लोक जे गमतीशीर, अजब, "अरे हे बघ काय सापडलं" छापाचं शेअर करत असतात ना, ते मला मनापासून आवडतं. आणि त्याला सरसकट टाइमपास म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. दिवसभर भांडणं आणि वाईट बातम्या वाचून डोकं भणाणलेलं असतं, आणि अशात कुणीतरी झोपेत एकमेकांचा पंजा धरून पाण्यावर तरंगणाऱ्या दोन सी ऑटरचा, म्हणजे समुद्रातल्या पाणमांजरांचा, व्हिडिओ पाठवतं. व्हँकुव्हरच्या अ‍ॅक्वेरियममधला आहे तो, २००७ पासून फिरतोय, आणि आजही बघितला की बरं वाटतं. ह्यात वेळ वाया गेला असं मला कधीच वाटत नाही.

आणि हे काही आत्ताचं खूळ नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात १९९१ साली तिथल्या लोकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा लावला, का तर इमारतीच्या दुसऱ्या टोकाहून जिने चढत-उतरत यायचं आणि भांडं रिकामं निघायचं ह्याला सगळे वैतागले होते. १२८ बाय १२८ पिक्सेलचं काळं-पांढरं चित्र, त्यात एक भांडं, बस्स. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातले लोक कुठल्यातरी अनोळखी ऑफिसात कॉफी उरलीय का ते बघायला लागले. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. २००१ साली कॅमेरा बंद झाला तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं! म्हणजे वेब नुकतं रांगायला लागलं होतं तेव्हापासून आपण हेच करतोय, कुणालातरी काहीतरी मजेशीर दिसतं आणि ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

तर माझी तक्रार शेअर करण्याबद्दल नाहीच. ते जसं केलं जातं त्याबद्दल आहे. फोटो घ्यायचा, ज्याने काढला त्याचं नाव कोपऱ्यातून क्रॉप करायचं, वर आपल्या पेजचा लोगो चिकटवायचा, खाली मनाला येईल ते कॅप्शन टाकायचं आणि पुढे ढकलायचं. मग त्याचा स्क्रीनशॉट, त्या स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट, दर वेळी जेपेग नव्याने कॉम्प्रेस होतं आणि चित्र थोडं थोडं मातकट होत जातं. चित्र खराब होतं ते तरी डोळ्यांना दिसतं. त्यामागची गोष्ट किती झिजली ते कुणाला दिसतच नाही.

रस्त्यावरच्या शार्कचंच घ्या. चक्रीवादळ आलं, रस्ते पाण्याखाली गेले, आणि गाडीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत शेजारून एक शार्क पोहत चाललाय. तुम्ही शंभर टक्के बघितला असणार. २०११ मध्ये आयरीन वादळ आलं तेव्हा तो पोर्टो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वे आलं तेव्हा ह्यूस्टनचा म्हणून, आणि मधे कुठल्या कुठल्या शहरांची नावं त्याला लागली त्याची गणतीच नको. गाव बदलतं, वादळाचं नाव बदलतं, शार्क तोच!

आता हा शार्क मूळचा कुठला? साउथ आफ्रिकेचा. थॉमस पेशाक नावाचे फोटोग्राफर आहेत, मूळचे सागरी जीवशास्त्रज्ञ, त्यांनी २००३ मध्ये काढलेला फोटो आहे. पिवळ्या रंगाच्या छोट्याशा कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या होडक्यात, एक संशोधक बसलाय, मागे वळून बघतोय, आणि त्याच्या मागोमाग पाण्यात एक भलामोठा ग्रेट व्हाइट शार्क. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ग्रेट व्हाइट नक्की काय करतात ते बघायचं होतं, पण मोटरबोटीच्या इंजिनाने शार्कचं वागणंच बदलतं, म्हणून त्या लोकांनी कयाक आणला. म्हणजे आवाज न करता शार्कच्या जवळ जाण्यासाठी एक माणूस प्लास्टिकच्या होडक्यात बसून ग्रेट व्हाइटच्या पाण्यात उतरला, आणि पेशाक संशोधनाच्या बोटीवरच्या टॉवरला स्वतःला बांधून घेऊन वाकून फोटो काढत होते. मला सांगा, ह्या गोष्टीपुढे "पाणी भरल्यावर रस्त्यावर शार्क आला" हे किती मिळमिळीत आहे! कुणीतरी त्या फोटोतून शार्क तेवढा कापला, कयाक फेकून दिला, माणूस फेकून दिला, संशोधन फेकून दिलं. सगळ्यात भारी भाग होता तोच गेला.

बरं, ह्याचा पुढचा भाग अजून मस्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समधून एक व्हिडिओ आला, घरामागच्या तुंबलेल्या पाण्यात पाठीवर पर असलेलं काहीतरी मोठं वळवळतंय. लोक म्हणाले, झालं, आला परत तो खोटा शार्क. पण तपासल्यावर व्हिडिओ खरा निघाला! तो शार्कच होता की दुसरा एखादा मोठा मासा ह्यावर जाणकारांचं एकमत झालं नाही, पण व्हिडिओ त्याच दिवशीचा आणि तिथलाच होता. इतकी वर्षं खोटं फिरवून फिरवून आपण लोकांचा विश्वास इतका घालवला की खरीखुरी अजब गोष्ट समोर आली तरी कुणी मानेना. ह्याचा मला खरंच राग येतो.

२०१८ मध्ये सायन्स ह्या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २००६ ते २०१७ ह्या काळात ट्विटरवर पसरलेल्या साधारण १ लाख २६ हजार बातम्या आणि त्या शेअर करणारे ३० लाखांच्या आसपास लोक. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि ह्यात बॉट्सपेक्षा (आपोआप चालणाऱ्या खात्यांपेक्षा) माणसांचाच हात मोठा. कारण काय तर नवल. खोटं जास्त नवं वाटतं, त्याने माणूस जास्त चकित होतो. मला ह्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोकांना खोटं हवं असतं असं नाही, त्यांना नवल हवं असतं. आणि खऱ्या जगात नवलाची काय कमी आहे का?

हवेत तरंगणारा बेडूक घ्या. व्हिडिओ बघितला की पहिली प्रतिक्रिया हीच येते की एडिट केलाय. नाही केलेला. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या लॅबमध्ये आंद्रे गाइम ह्या भौतिकशास्त्रज्ञांनी खरोखर जिवंत बेडूक तरंगवला होता. पाण्याला चुंबकीय क्षेत्र किंचित दूर ढकलतं, आपल्याला कधी जाणवणारच नाही इतकं किंचित. पण क्षेत्र १६ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास नेलं की तेवढा धक्का बेडकाचं वजन तोलायला पुरतो, कारण बेडूक म्हणजे बहुतेक पाणीच. बेडकाला काहीही झालं नाही. ह्याबद्दल गाइमना २००० साली मायकेल बेरी ह्यांच्यासोबत इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, आणि २०१० साली त्याच माणसाला ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ थरासाठी, खरं नोबेल मिळालं! आता हा व्हिडिओ नुसता "OMG" आणि चार इमोजी लावून पाठवला तर समोरचा फेक म्हणून पुढे जातो. दोन ओळी जोडल्या की तोच माणूस अर्धा तास त्यात रमतो.

आणि गोष्ट मुळाला धरून राहिली की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारी २०१५, तो ड्रेस. एकच फोटो, पण कुणाला ड्रेस निळा-काळा दिसला तर कुणाला पांढरा-सोनेरी. घराघरात वाद झाले. ड्रेस निळा-काळाच होता, पण फोटो नक्की कुठला, ड्रेस कुठला, हे सगळं माहीत होतं म्हणून शास्त्रज्ञांना त्यावर काम करता आलं, त्याच वर्षी पेपर आले. मेंदू आधी उजेड कसला आहे ते गृहीत धरतो आणि त्या हिशोबाने रंग वजा करतो. पुढे तर असंही दिसलं की सकाळी लवकर उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याची शक्यता थोडी जास्त असते, कारण त्यांचे डोळे दिवसाच्या उजेडाला जास्त सरावलेले. एका फालतू वाटणाऱ्या फोटोतून हे निघालं.

आता जे सांगायचंय ते जरा कडू आहे. गोल मोठ्या डोळ्यांचा, मऊ केसांचा एक इवलासा प्राणी, त्याला कुणीतरी काखेत गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून जणू "अजून कर" म्हणतोय. स्लो लॉरिस. कोट्यवधी लोकांनी बघितले असतील असले व्हिडिओ, "सो क्यूट" म्हणून ढीगभर हार्ट टाकलेत. आता तो हात वर का करतो? लॉरिसच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं. तो घाबरला की हात वर घेतो म्हणजे तोंड त्या ग्रंथीपर्यंत पोचतं. ती त्याची बचावाची पोझ आहे हो. तो भेदरलेला असतो. त्यात हा निशाचर प्राणी, आणि व्हिडिओसाठी भरपूर उजेडात धरलेला. पाळायला म्हणून बाजारात येणारे बरेचसे लॉरिस जंगलातून पकडलेले असतात आणि चावू नयेत म्हणून त्यांचे दात कापतात, तेही भूल न देता. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासून बंदी आहे, तरी अशा व्हिडिओंखाली लोक लिहितात, मला पण एक हवा. हे समजल्यावर तो व्हिडिओ बघवत नाही. आणि समजायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं.

माणसांच्या बाबतीत तर हे अजून जपून करायला हवं. कुणाचंतरी पडणं, अडखळणं, एखादं वेडंवाकडं नाचणारं पोरगं, आपल्यासाठी पंधरा सेकंदांचं हसू असतं आणि त्या माणसाला ते वर्षानुवर्षं पुरतं. ज्याने स्वतः टाकलंय ते खुशाल शेअर करा, चोरून काढलेलं मी तरी पुढे पाठवत नाही.

बाकी शोधणं अवघड नाही. फोटोवर लाँग प्रेस करून इमेज सर्च करायचा, सगळ्यात जुना सापडेल तो उघडायचा. व्हिडिओ असेल तर त्यातल्या एखाद्या स्पष्ट फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून तेच करायचं. काढणाऱ्याचं नाव, जागा, वर्ष, जेवढं मिळेल तेवढं कॅप्शनमध्ये लिहायचं. ग्रुपवर कुणी काका किंवा आत्यांनी चुकीचं टाकलं तर तिथेच "फेक आहे हे" म्हणून त्यांचा पाणउतारा करू नका प्लीज. त्यांनी प्रेमाने पाठवलेलं असतं, काहीतरी छान दिसलं म्हणून. मी त्यांना वेगळा मेसेज करून मूळ फोटो आणि त्याची खरी गोष्ट पाठवते, कयाकवाला शार्क तर फारच चालतो, बहुतेक वेळा तेच मग तो ग्रुपवर टाकतात आणि मूळ फोटो जास्त आवडला म्हणून सांगतात.

तर मंडळी, तुमच्याकडचं एखादं भन्नाट काहीतरी खाली टाका. कुठलं, कधीचं ते माहीत असेल तर लिहा, नसेल तर नाही माहीत असं लिहा, मिळून शोधू. माझ्याकडून हे घ्या: जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिक महासागरात वादळात एका जहाजावरून कंटेनर पडले आणि त्यातल्या एकातून आंघोळीच्या टबातली २८,८०० खेळणी पाण्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली आणि कर्टिस एब्समेयर आणि जेम्स इनग्रॅहम ह्या समुद्रशास्त्रज्ञांनी कुठलं खेळणं कधी कुठे सापडलं त्यावरून आपलं सागरी प्रवाहांचं मॉडेल तपासून घेतलं. हे फॉरवर्ड फिरतं तेव्हा त्यात फक्त पिवळी बदकं असतात. खरं तर लाल बीव्हर, निळी कासवं आणि हिरवे बेडूकही होते.