मोक्तेसुमाचा वंश बुडाला नव्हता

'मोक्तेसुमा हा शेवटचा अझ्टेक सम्राट, 1520 मध्ये तो मेला आणि त्याचा वंश बुडाला' असा मेसेज सध्या फिरतोय. (अझ्टेक म्हणजे आजच्या मेक्सिकोतलं जुनं साम्राज्य.) 1520 मध्ये तो मेला हे खरं, पण तो शेवटचा सम्राट होता आणि त्याचा वंश बुडाला, या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

त्याच्यानंतर भाऊ क्वित्लावाक गादीवर आला. देवीच्या साथीत तो काही महिन्यांतच गेला. मग चुलतभाऊ क्वाउतेमोक. शेवटचा सम्राट हाच, 13 ऑगस्ट 1521 ला तो स्पॅनिश सैन्याच्या हाती लागला. बाप गेला की मुलगा गादीवर, असा तिथे नियम नव्हता. राजघराण्यातून निवड व्हायची. मोक्तेसुमाच्या आधी तर अशायाकात्ल, तिसोक, आवित्सोत्ल असे तीन सख्खे भाऊ पाठोपाठ राजे झाले.

आणि वंश? मोक्तेसुमाची मुलगी तेक्विचपोच, बाप्तिस्म्यानंतरची इसाबेल. 1526 मध्ये अझ्टेक साम्राज्य जिंकणाऱ्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने तिला ताकुबा या गावाचा महसूल लावून दिला, त्या सनदेत ती मोक्तेसुमाची मुलगी असल्याचं स्पष्ट नोंदवलंय. मुलगा पेद्रो याच्या वंशजांना स्पेनच्या राजाने 1627 मध्ये काउंट ही सरदारकीची पदवी दिली, 1865 मध्ये ते त्याहून वरचे, ड्यूक झाले. ती पदवी आजही चालू आहे.

एका जित्याजागत्या घराण्याला असं पुसून टाकणं मला फार खटकतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.